वजन कुठे ठेवायचे?

रिकाम्या जहाजालाही वजन लागते, हे तळोज्याच्या वाचकाला पटवण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतला माल कंटेनरात भरून न्हावा-शेवा बंदरात जातो, आणि तिथे लागणाऱ्या मोठ्या जहाजांच्या पोटात बॅलास्टच्या टाक्या असतात. माल कमी असला की त्यांत समुद्राचे पाणी घेतात. जहाज हवे तेवढे खाली बसते, पंखा पाण्याखाली राहतो आणि लाटेवर ते भलतेच कलत नाही. त्याआधी शेकडो वर्षे कोकणातल्या गलबतांत आणि मचव्यांत हेच काम दगड आणि वाळू करत. त्या भाराला नीरम म्हणत. दोन्हीकडे हेतू एकच होता, बोट सरळ राहावी. वेकबोर्डिंग आणि वेकसर्फिंगच्या बोटीत मात्र वजन भरतात ते पाणी अधिक ढवळले जावे, मागे मोठी लाट उठावी म्हणून. सगळे नौकाशास्त्र ज्या लाटेला वाया गेलेली शक्ती मानते, तीच इथे विकत घ्यायची वस्तू असते. म्हणून जुनी बोट बघताना इंजिन किती ताकदीचे, वेग किती, रंग शाबूत आहे का, हे नेहमीचे प्रश्न दुय्यम ठरतात. ही बोट किती वजन, कोणत्या जागी, किती सुरक्षितपणे पेलते आणि ते कोणत्या पाण्यात पेलणार आहे, हा प्रश्न आधी सोडवावा. बाकीची उत्तरे त्यातूनच मिळत जातात.

दोन्ही खेळ दिसायला सारखे, पण बोटीकडून त्यांची मागणी वेगळी. वेकबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय बोर्डाला बांधलेले असतात, दोर साधारण वीस-बावीस मीटरचा आणि बोटीचा वेग तासाला ३२ ते ३८ किलोमीटर. खेळाडू बोटीमागच्या लाटेचा उतरणीसारखा उपयोग करून हवेत उडी घेतो. टोनी फिन यांनी १९८५ मध्ये आणलेला स्कर्फर आणि १९९० च्या सुमाराचा हर्ब ओब्रायन यांचा हायपरलाइट बोर्ड, यांतून हा खेळ घडला. वेकसर्फिंगमध्ये पाय मोकळे असतात. आखूड दोर धरून खेळाडू उभा राहतो, लाटेने उचलून धरले की दोर सोडून देतो आणि बोटीच्या अगदी मागे, दोन-तीन मीटरांवर, नुसत्या लाटेच्या जोरावर चालत राहतो. बोटीचा वेग १६ ते १९ किलोमीटरच असतो. म्हणजे दुसऱ्या खेळात माणसाला पुढे नेणारी शक्ती दोरातून येतच नाही, ती सगळी लाटेतून येते. म्हणून तिथे बोटीच्या वजनाला पहिल्या खेळापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

या वेगांमागचे गणित समजले तर खरेदीतल्या अर्ध्या चुका टळतात. खोल पाण्यावरच्या लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. तासाला १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर वेगाने चालणाऱ्या बोटीची मुख्य लाट सुमारे १६ मीटर लांबीची असते. बोट साडेसहा मीटरची असली तर ती आपल्याच लाटेच्या चढावर अडकते: पुढचे टोक, म्हणजे नाळ, वर उचललेले आणि मागचा भाग खड्ड्यात रुतलेला. सामान्य स्पीडबोट हा टप्पा शक्य तितक्या लवकर ओलांडून पाण्यावर तरंगत सरकू लागते, कारण इथे इंधन सर्वांत वाया जाते. वेकसर्फिंगची बोट याच टप्प्यावर मुद्दाम थांबून राहते. वेग दुप्पट करून सेकंदाला दहा मीटरवर नेला की बोटीचा तळ बराचसा पाण्याबाहेर येतो, लाट लांबट आणि उतरती होते. ती उडीसाठी चांगली, पण तिच्यात माणसाला ढकलत नेण्याइतका उभा चढ राहत नाही. मोठे इंजिन लावले तर लाटही मोठी होईल, ही समजूत इथेच कोसळते. ज्यादा ताकदीने बोट पाण्याबाहेर निघते, आणि इथे तिला पाण्यात ठेवायचे आहे.

मग इंजिनाला काही अर्थच नाही का? आहे, पण तो वजनामागून येतो. हजार किलो ज्यादा घेतलेली बोट थांबलेल्या अवस्थेतून त्या चढाला भिडवताना इंजिन मंद फेऱ्यांवर दमते. तिथे कमाल हॉर्सपॉवरपेक्षा खालच्या फेऱ्यांवरची ओढ महत्त्वाची, आणि बऱ्याचदा नवे इंजिन न घेता कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा पंखा बसवून काम भागते. म्हणून विकणारा रिकामी बोट भन्नाट पळवून दाखवत असेल तर ती चाचणी निरुपयोगी समजावी. टाक्या भरून, सहा-सात माणसे बसवून, अठराच्या वेगावर दहा मिनिटे स्थिर चालवायला सांगावे. तापमानाचा काटा, तेलाचा दाब आणि वेग न हलता टिकतो का, या तीन गोष्टी त्या दहा मिनिटांत खरे बोलतात.

बोटीचा प्रकार निवडताना तडजोडीला जागा नाही, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. आपल्या किनाऱ्यावर आणि धरणांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक छोट्या फायबर बोटींना मागे लटकणारे आउटबोर्ड इंजिन असते, आणि जुन्या बाजारात त्याच सहज मिळतात. वीस मीटर दोराने वेकबोर्डर ओढायला अशी बोट चालेल. वेकसर्फिंगला कधीही चालणार नाही. सर्फर मागच्या कडेपासून दोन-तीन मीटरांवरच असतो आणि फिरता पंखा त्याच कडेच्या मागे उघडा असतो. स्टर्नड्राइव्ह बोटीत इंजिन आत असले तरी पंखा तिथेच, म्हणून तीही बाद. पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेच्या पुष्कळ आत असतो तो इनबोर्ड बोटीत. व्होल्वो पेंटाने २०१५ मध्ये पंखा पुढे तोंड करून बसवणारी फॉरवर्ड ड्राइव्ह आणली. तो अपवाद मान्य करावा, पण जुन्या बाजारात तशी बोट क्वचितच मिळेल. आम्ही जपून चालवू, दोर थोडा लांब ठेवू, असे कोणी म्हणेल. पण दोर लांबवला की लाटेचा जोर ओसरतो आणि खेळच उरत नाही. जवळ राहणे हीच या खेळाची अट आहे. शिवाय धूर आहे. पुढे जाणाऱ्या बोटीच्या पाठीशी हवेची पोकळी तयार होते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर आलेला माणूस पाण्यात पडतो आणि लोक त्याला दमला समजतात. मागच्या फळीवर इंजिन चालू असताना कोणालाही बसू देऊ नये.

इनबोर्डमध्येही दोन जाती आहेत. एकात इंजिन बोटीच्या मधोमध असते. ही वॉटर-स्कीइंगची बोट. करेक्ट क्राफ्ट कंपनीच्या १९६१ पासूनच्या स्की नॉटिकपासून हा वंश चालत आला. त्या बोटींचा लौकिक मोठा आणि जुन्या बोटींची किंमत खाली आलेली, म्हणून नवखा माणूस तिकडे ओढला जातो. पण स्कीइंग करणाऱ्याला सपाट पाणी हवे असते, आणि या बोटींचा तळ लाट कमीत कमी उठावी यासाठीच घडवलेला आहे. तिच्यात वजन भरून लाट काढणे म्हणजे तिच्या घडणीशी भांडणे होय. दुसरी जात व्ही-ड्राइव्हची: इंजिन मागे, आणि दांडा पुढे जाऊन गिअरपेटीतून वळून पुन्हा मागे पंख्याकडे येतो. इंजिनाचे वजन आपोआप हवे तिथे बसते, मधली जागा मोकळी राहते आणि तळ अधिक खोल असतो. मॅलिबू, मास्टरक्राफ्ट, नॉटिक, सुप्रा, मूम्बा, टिगे, सेंच्युरियन यांपैकी कोणत्या नावाची बोट घ्यावी यावर हवे तेवढे वाद घालता येतील. माझ्या मते नावापेक्षा ही जात महत्त्वाची. परदेशातून आणायचा विचार असेल तर दुसऱ्या हाताच्या मालाच्या आयातीचे नियम पैसे देण्यापूर्वी तपासावेत. एक साधे मापही लक्षात ठेवावे: नेहमीच्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते आणि या बोटी बहुधा अडीच मीटरच्या आसपास रुंद असतात. त्या सरळ आत जात नाहीत. उघड्या फ्लॅट-रॅकवर आणाव्या लागतात आणि भाडे त्याप्रमाणे वाढते.

आता वजन. साडेसहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बोटीचा पाण्याला टेकलेला पृष्ठभाग ढोबळमानाने अकरा चौरस मीटर धरला, तर ती एक सेंटिमीटर खाली जायला ११० किलो लागतात. हजार किलो म्हणजे सरासरी नऊ सेंटिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण हे वजन सारखे पसरत नाही. ते मागे ठेवले तर मागची कडा त्याच्या दुपटीनेही खाली जाऊ शकते, आणि लाटेची उंची तिथेच ठरते. सगळे मागेच ठेवले तर लाट उंच पण आखूड होते आणि नाळ इतकी वर जाते की चालवणाऱ्याला पुढचे दिसत नाही. पुढे थोडे ठेवले तर लाट लांबते. वेकबोर्डिंगला दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून वजन समतोल ठेवतात. सर्फिंगला एकच बाजू चांगली हवी असते. डावा पाय पुढे ठेवणारा खेळाडू बोटीच्या डाव्या लाटेवर उभा राहतो, उजवा पाय पुढे ठेवणारा उजव्या.

बोटीच्या दोन्ही कडांवरून सुटलेले पाणी मागे एकमेकांवर आदळते आणि फेस होतो. एका बाजूचे पाणी जरा उशिरा आत आले तर दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ, घोटीव होते. जुन्या बोटीत हे करायला सर्फरच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात वजन टाकून बोट तिरकी चालवतात. मॅलिबूने २०१२ मध्ये सर्फ गेट आणले, मागच्या कडेला उघडणारी फळी, आणि तिरके न होता हेच साधले. ही यंत्रणा असलेली जुनी बोट महाग असते. पण ज्या बाजूला सर्फर नाही त्या बाजूला चोषकांनी चिकटवायची सुटी फळी मिळते, आणि ती बरेचसे तेच काम करते. पैसे मोजके असतील तर गेटसाठी जास्त मोजण्यापेक्षा धडधाकट तळाची बोट घेऊन सुटी फळी लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सरळ चाललेली बोट वळताना आणि घाबरलेल्या माणसांच्या धावपळीत जास्त क्षमा करते.

वजनाने लाट वाढते, तर भरत का जाऊ नये? हा आक्षेप सर्वांत मोहक आहे. दोन हजारच्या दशकातल्या बोटींत कारखान्याने दिलेल्या टाक्या तीन-चारशे किलोंच्या. नव्यांत हजार-दीड हजार. जुन्या बोटीचा मालक मग पाचशे किलोच्या पिशव्या बाजारातून आणून आसनांखाली कोंबतो. पण टाक्या वाढवताना कारखान्याने कडेची उंची आणि सांगाडाही बदललेला असतो; पिशवी आणणारा फक्त वजन आणतो. अमेरिकेत माणसे आणि वजन यांची मर्यादा सांगणारी पट्टी वीस फुटांखालच्या बोटींनाच सक्तीची आहे, आणि या बोटी बहुधा वीस फुटांच्या वर असतात. पट्टी असेल तिथे ती लाटेची सूचना न मानता बुडण्याची मर्यादा म्हणून वाचावी, आणि पाण्याचे वजन माणसांच्या वजनातच धरावे. आठ माणसे म्हणजे साडेपाचशे किलो. त्यांना कोणी बॅलास्ट म्हणत नाही, पण बोट ते तसेच मोजते. खाली बसलेली बोट आपल्याच लाटेला सामोरी वळते तेव्हा नाळेवरून पाणी आत येते, आणि ते आत आले की नाळ आणखी खाली जाते.

अर्धवट भरलेली टाकी याहून दगाबाज. बोट कलली की आतले पाणी त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. याचा जोर टाकीच्या रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणूनच रुंद टाकीच्या मधोमध आडोसा घातला की तो चौथाईवर येतो. पिशवी पूर्ण भरून आतली हवा काढायची किंवा पूर्ण रिकामी करायची. मधली अवस्था शक्य तितकी छोटी ठेवायची. धावणारे वजन काय करते हे मुंबई बंदराला फार वाईट रीतीने माहीत आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात कलली, प्रवासी एका बाजूला लोटले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बोटीची आणि सहा मीटरच्या खेळाच्या बोटीची तुलना आकारात होत नाही, कारणात होते.

एक अस्सल कोकणी आक्षेप उरतो. गलबतांना दगड-वाळूचे नीरम चालत होते, मग पिशव्या आणि पंपांचे लचांड कशाला? वाळूची पोती टाकावीत, स्वस्त आणि पक्की. फरक बुडताना कळतो. बोटीत पाणी शिरले तर पिशवीतले पाणी बाहेरच्या पाण्याइतकेच जड, म्हणजे ते बोटीला खाली ओढत नाही. वाळू, दगड, शिसे मात्र आपले वजन घेऊन तळाकडे जातात, आणि तरंगण्यासाठी बोटीत भरलेला फोम त्यांच्या हिशेबाने घातलेला नसतो. शिवाय पाणी संकटात बाहेर फेकता येते, ट्रेलरवर चढवताना काढता येते. गलबताच्या खलाशाला आठवडाभर तोच भार हवा होता; इथे अर्ध्या तासात बाजू बदलायची असते.

वजनाने बोटीवर केलेले वार जुन्या बोटीत वाचता येतात, आणि खरी पारख तिथे असते. तळातल्या लांबट आधारपट्ट्यांवर सगळा भार येतो. १९९० पूर्वीच्या पुष्कळ बोटींत त्या लाकडाच्या होत्या आणि फायबरच्या आवरणाखाली कुजतात. हातोडीच्या मुठीने ठोकत गेल्यास खणखणीत आवाज एकदम बद्द होतो तिथे ओल शिरली आहे. इंजिनाचे बोल्ट आधारपट्टीत फिरत राहिले, आवळले जाईनात, तर किंमत कितीही उतरली तरी मागे फिरावे. दोर बांधायच्या उंच कमानीच्या पायाशी आणि आसनांखाली, जिथे पिशव्या ठेवत असत, केसासारखे तडे बघावेत. रंगातली बारीक नक्षी आणि खोलवर गेलेली चीर यांत नखाने फरक कळतो. नंतरच्या मालकाने पंपासाठी तळाला पाडलेली भोके प्रत्येक मोजावीत: झडप कशाची, बंद होते का, नळीला दोन पट्टे आहेत का. रबरी पात्याचा पंप कोरडा चालला की पाती झडतात. तो तासाला तीन हजार लिटरचा असेल तर पाचशे किलोची पिशवी दहा मिनिटांत भरली पाहिजे. तासांच्या मीटरवर मात्र एवढा विश्वास नको. सातशे तास हलक्या बोटीने ओढलेले आणि तीनशे तास ओझ्याखाली रडत काढलेले, यांत मला पहिले इंजिन पसंत आहे.

आणि ती चालवायची कुठे? कासाडी आणि गाढी जिथे मिळतात ती पनवेलची खाडी तळोज्याला जवळची, पण योग्य नव्हे. सोळा मीटर लांबीच्या लाटेला तळ जाणवू नये यासाठी तिच्या निम्मी, आठ मीटर खोली लागते. खाडीच्या वरच्या अंगाला ओहोटीला गाळ उघडा पडतो. गोड्या तलावांसाठी बांधलेल्या या बोटी बाहेरचे पाणी थेट इंजिनातून फिरवतात. खारे पाणी आणि गाळ त्यांचे थंड करण्याचे मार्ग खातात, म्हणून खाडीत किंवा समुद्रात वापरायची असेल तर आतल्या बंद पाण्यावर चालणारी उष्णतापालट यंत्रणा असलेलीच बोट घ्यावी. आणखी मोठे कारण माणसांचे आहे. कोळ्याच्या छोट्या होडीची कड पाण्याच्या फार वर नसते, आणि कांदळवनाच्या काठचा चिखल लाटेने सुटतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात असे दिसले की वेकसर्फिंगच्या बोटीची लाट साध्या बोटीच्या साठ मीटरवरच्या लाटेइतकी सौम्य व्हायला दीडशे मीटरहून अधिक अंतर लागते. तेवढे अंतर दोन्ही काठांपासून सोडले तर खाडीत जागाच उरत नाही. मोरबे आणि देहरंगची धरणे पिण्याच्या पाण्याची आहेत, त्यांचा विचारही करू नये. उरतात ते शिवसागरासारखे मोठे, खोल जलाशय. तिथेही काही काठ अभयारण्याला लागलेले असल्याने आधी परवानगी, मग बोट. नोंदणी आणि तपासणीची चौकट २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घातली आहे. नंतर बसवलेल्या टाक्या तपासणाऱ्यापासून लपवू नयेत, कारण त्याने मंजूर केलेला भार त्या टाक्यांशिवायचा असतो.

जागा बदलताना टाकीतले पाणीही प्रवास करते, आणि त्याच्याबरोबर जीव. मेक्सिकोच्या आखाताकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबई बंदरात सापडला. १९९९ मध्ये तोच डार्विनच्या मरीनांत निघाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो संपवला. मोठ्या जहाजांच्या बॅलास्टसाठी २००४ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. छोट्या बोटींच्या टाक्या त्याच्या नजरेत नाहीत, पण त्या पूर्ण रिकाम्या कधीच होत नाहीत. तळाशी काही लिटर उरतातच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने म्हणूनच २०२४ मध्ये अशा बोटींना हंगामात एकाच तलावाला बांधून टाकले. आपल्याकडे तसा नियम येईपर्यंत मालकाने तो स्वतःवर घालावा. आणि कासाडीच्या पट्ट्यात, जिथे २०१७ मध्ये रंगद्रव्यामुळे कुत्री निळी झाली होती, चाचणीसाठीसुद्धा भरलेले पाणी घेऊन बोट घाट चढू नये. पिशव्या काढून, उलट्या टांगून, आतून पूर्ण वाळल्यावरच ट्रेलर बोरघाटाकडे वळवावा.